झोपेसाठी मॅग्नेशियमची गोळी?

'रात्री झोपताना मॅग्नेशियमची गोळी घ्या, शांत झोप लागते,' हा सल्ला हल्ली मोबाइलवरून घरोघर पोहोचला आहे. दवाखान्यात येणारे विचारतात, 'डॉक्टर, सुरू करू का?'

मॅग्नेशियम शरीराला हवेच. स्नायू, मज्जातंतू व हृदय यांचे काम त्यावाचून नीट चालत नाही. आयसीएमआरच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ४४०, तर स्त्रीला ३७० मिलिग्रॅम हवे. बाजरी, नाचणी, तीळ, शेंगदाणे, डाळी व पालेभाज्या यांतून ते मिळते. गोळीने झोप सुधारते, याचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे.

जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने ती अधू झाली असतील, तर ते रक्तात साचते. रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात. अनेकांना आपली मूत्रपिंडे अधू झाल्याचे ठाऊकही नसते. शिवाय या गोळीने काहींना जुलाब होतात. थायरॉईडची गोळी व काही अँटिबायोटिक्स तिच्यासोबत घेतल्यास पुरेशी लागू पडत नाहीत.

तेव्हा झोप का लागत नाही, हे आधी शोधावे. संध्याकाळनंतरचा चहा, तंबाखू, उशिराचे जेवण, अंथरुणातला मोबाइल, घोरणे, लघवीला वारंवार उठणे, मनातली काळजी, यांवर मॅग्नेशियम हा उपाय नव्हे. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी तरी रक्तातील क्रिएटिनिन तपासून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.