सत्तरची परवानगी मागितली कोणी?

पुणेकर मंडळी, हे पत्रक घडी घालून खिशात टाकण्याआधी दोन मिनिटं इथेच फुटपाथवर उभं राहून वाचा. फुटपाथ सापडला तर.

आपल्या शहरात मोटारीला किती वेगाने जायची मुभा आहे, असं शेजाऱ्यांना विचारून बघा. कुणी चाळीस म्हणतील, कुणी पन्नास. केंद्र सरकारच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी कमाल वेग दिलाय तो असा: मोटारीला ताशी 70 किलोमीटर, दुचाकीला 60, रिक्षाला 50. म्हणजे जिथे याहून कमी मर्यादा कुणी लावलेलीच नाही, तिथे भाजीच्या हातगाड्यांना घासून सत्तरने गेलेला गाडीवाला निदान वेगमर्यादेच्या कलमात तरी सापडत नाही.

आता हा सत्तरचा आकडा गल्लीत आणून बघू. उभ्या टेम्पोच्या आडून एक पोरगं चेंडूमागे धावत रस्त्यावर आलं. गाडी चौदा मीटरवर आहे, म्हणजे तीन मोटारी एकामागे एक लावल्या तर होईल तेवढं अंतर. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात चांगल्या चालकाचाही एक सेकंद जातो. गाडी तीसने असेल तर त्या सेकंदात आठ मीटर जाते, कोरड्या रस्त्यावर पुढच्या पाचेक मीटरमध्ये थांबते. पोरगं घाबरतं, चालक शिव्या घालतो, आई धपाटा घालते, विषय संपला. गाडी पन्नासने असेल तर त्या एका सेकंदातच चौदा मीटर संपतात. ब्रेक अजून लागलेलाच नाही. सत्तरचं तर बोलायलाच नको. तिथे धडकेतली ऊर्जा तीसच्या साडेपाच पट असते.

यावर तोडगा कायद्यातच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 नुसार राज्य सरकार, किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी, सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्याला किंवा भागाला कमी मर्यादा लावू शकतो. मात्र तिथे फलक हवा. स्पेनने मे 2021 मध्ये जाण्यायेण्याला एकेकच लेन असलेल्या शहरी रस्त्यांना 30 लावले, पॅरिसने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जवळपास सगळ्या शहराला. आम्ही पेठांपुरतं, वस्त्यांपुरतं आणि शाळा-दवाखान्यांसमोर मागतोय.

पण नुसता फलक लावून पुणेकर ऐकतो, असं कुणी समजू नये. ‘वाहने सावकाश चालवा, येथे लहान मुले खेळतात’ ही पाटी आपणच गेटवर लावलीय. कोण थांबलंय? स्पीडगनची गाडी उभी राहते ती मोकळ्या, रुंद रस्त्यावर, कारण तिथे सावज आयतं मिळतं. चलनाचा मेसेज मागाहून येतो. मोटारीला हजार ते दोन हजार दंड. भरणारा भरतो, बाकीचे लोकअदालतीची वाट बघतात. ज्या गल्लीत माणसं पायी चालतात, तिथे मात्र गन कधी दिसत नाही.

मग अपघात झाला की रहिवासी रातोरात डांबराचा उंचवटा घालून घेतात. हातभर रुंद, वर पांढरा पट्टा नाही, दिवा नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. ताशी 25 ने गेलं तर गाडी अलगद चढते-उतरते. आपल्याकडचा उंचवटा मागे बसलेल्या आजींचा मणका मोजतो, आणि मोटारसायकलवाला कडेच्या फटीतून आहे त्याच वेगात निसटतो.

‘तीस केलं तर ट्रॅफिक तुंबेल’ म्हणणाऱ्यांनी कर्वे रस्त्यावरून एकदा जाऊन यावं. नळस्टॉपला कट मारून गेलेला वीर पुढच्या सिग्नलला आपल्याच शेजारी घाम पुसत उभा असतो. वेळ खातो तो चौक. आणि ‘आधी खड्डे बुजवा’ म्हणणाऱ्यांनो, बुजवाच. पण नवं डांबर पडल्यावर पहिल्या आठवड्यात त्या रस्त्यावर काय सुटतात गाड्या, तेही बघा. डांबराच्या निविदेतच मानकाचे गतिरोधक आणि उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग असायला हवं.

तक्रार घेऊन गेलं की ‘वेग जास्त आहे हे कशावरून?’ असं विचारतात. ठीक आहे, मोजू. रस्त्यावर पन्नास मीटर अंतर टेपने मोजायचं, दोन्ही टोकांना खडूची रेघ, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. सहा सेकंद लागले तर वेग तीस. साडेतीन सेकंदांच्या आसपास म्हणजे पन्नास. अडीचच्या जवळ गेला तर सत्तर. रस्त्यात उतरायचं नाही, फुटपाथवरूनच मोजायचं. गाडीचा नंबर नको, वेळ आणि सेकंद तेवढे वहीत लिहायचे; आठवड्याची वही झाली की अर्जाला जोडू.

येत्या रविवारी सकाळी आठला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी जमतोय. टेप आमच्याकडे आहे. खडू घेऊन या.

आपले,
याच रस्त्यावरून रोज पायी जाणारे काही रहिवासी