सौंदाळ्याचे दोन तास आणि शाळेचे सहा

नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने २८ नोव्हेंबर २०२४च्या ग्रामसभेत एक ठराव केला आणि तो देशभर गाजला. आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. सरपंच शरद आरगडे यांनी मांडलेला हा ठराव मथळ्यात शोभण्यासारखाच होता. त्याच गावाचा दुसरा निर्णय मात्र बातमीच्या शेवटच्या ओळींत राहून गेला. संध्याकाळी सात ते नऊ शाळकरी मुलांच्या हातात मोबाइल नाही. ते दोन तास अभ्यासाचे.

मला हा दुसरा निर्णय जास्त मोलाचा वाटतो, आणि तो शिवीबंदीला लागून आला म्हणून तर आणखीच. शिव्या कोण देतं? बहुतेक वेळा घरातली मोठी माणसं. म्हणजे गावाने आधी मोठ्यांच्या तोंडाला लगाम घातला आणि मग मुलांच्या हातातल्या फोनकडे वळलं. जेमतेम अठराशे वस्तीचं हे गाव. २००७ मध्ये तंटामुक्तीचा पुरस्कार मिळवलेलं, नवरा गेलेल्या बाईचं मंगळसूत्र काढण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करायचं ठरवलेलं. अशा गावाने मुलांना काही सांगितलं, तर त्या सांगण्याला वजन येतं.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने हेच दोन वर्षं आधी केलं होतं. २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला, की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. टीव्ही बंद म्हणजे आजीची मालिका बंद आणि बापाच्या बातम्याही बंद, हे त्यातलं खरं मर्म. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला सरसकट बंदी केली. हेतू चांगला असेल, पण मला तो रस्ता पटत नाही. ज्या घरात बाप जेवतानाही फोन खाली ठेवत नाही, तिथे पोराला ‘तू अठराचा होईपर्यंत हात लावायचा नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

हे सगळे निर्णय घरातल्या वेळेचे. शाळेत जाणारे सहा तास मात्र अजून जिकडे तिकडे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहेत. कुठे मुख्याध्यापक फोन जप्त करून आठवडाभर ठेवतात, कुठे दिसलं तरी न दिसल्यासारखं करतात. एखाद्या शाळेत पहिल्या बाकावर बंदी आणि शेवटच्या बाकावर पूर्ण मोकळीक, अशी अवस्था असते.

वर्गात फोन नको, याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही. माध्यमिक शाळेतली तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची. युनेस्कोने २०२३ साली शिक्षण आणि तंत्रज्ञानावर जागतिक अहवाल काढला. फोनमुळे एकदा लक्ष उडालं, की ते पुन्हा अभ्यासावर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे खिशात एकदा थरथर झाली, की अर्धी तासिका गेली. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात रोज किती खिसे थरथरतात, हे बीजगणित शिकवणाऱ्या बाईंना विचारा. शिवाय बाई फळ्याकडे वळल्या की त्यांचाच व्हिडिओ निघतो, मधल्या सुट्टीत कुणा मुलीचा फोटो काढला जातो आणि शाळा सुटायच्या आत तो चार ग्रुपांवर पोचलेला असतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तो नंतर मागे घ्यावासा वाटला, तरी घेता येत नाही. फ्रान्सने २०१८ मध्येच शाळेत फोनबंदीचा कायदा केला, ब्राझीलने २०२५ मध्ये. जगभर शिक्षक एकच गोष्ट सांगत आहेत, आणि ती आपल्या शिक्षकांचीही व्यथा आहे.

पण ‘वर्गात नको’ म्हणणं वेगळं आणि ‘शाळेत आणूच नको’ म्हणणं वेगळं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा फरक फार मोठा आहे. पुण्या-मुंबईच्या शाळांचे नियम आहेत तसे उचलून इथे लावले, तर आपण काही मुलांवर सरळ अन्याय करू.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे बघा. दिवाळीच्या आगेमागे वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचललेली उचल, आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत फडातच संसार. सहकारी साखर कारखान्याचा पाया प्रवरानगरला ज्या जिल्ह्यात घातला गेला, त्याच जिल्ह्याची ही दुसरी बाजू. लहानगी आईबरोबर जातात. हायस्कूलला गेलेली मागे राहतात, आजी-आजोबांजवळ. नेमकी दहावीची परीक्षा असते तेव्हा आई-बाप शेकडो किलोमीटरवर फडातल्या झोपडीत, कोपीत, असतात. पाथर्डीकडच्या एका वस्तीवर एका आजींना मी विचारलं होतं, “आजी, घरातला फोन कुणाजवळ असतो?” त्या म्हणाल्या, “पोरीजवळच की. मला कुठं कळतंय त्यातलं! तिच्या आईचा फोन येतो दिस मावळता, कवा दुपारी बी येतो. येईस्तवर पोरीचं चित्त थाऱ्यावर नसतंय.” त्या घरात तो एकच फोन. बँकेचा मेसेज त्यावर येतो, रेशनचा त्यावर येतो, आईचा आवाजही त्यातूनच येतो. ही मुलगी फोन घेऊन शाळेत आली, तर तिला शिस्तभंगाच्या वहीत सही करायला लावायची का?

दुसरं, रस्ता. आपली हायस्कुलं बाजाराच्या गावात आणि मुलं वाड्या-वस्त्यांवर. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, त्यामुळे हजारो मुली आठवी-नववीच्या पुढे गेल्या. अहिल्याबाई आपल्या जिल्ह्यातल्या चौंडीच्या, आता तर जिल्ह्यालाही त्यांचं नाव आहे. पण पास आहे म्हणून गाडी वेळेवर येते असं नाही. पाचची गाडी रद्द झाली की हिवाळ्यात साडेसहाला अंधारात फाट्यावर उतरायचं आणि तिथून उसाच्या कडेकडेने घर गाठायचं. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे, सगळ्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, आणि त्यात माणसं, लेकरं गेली आहेत. “गाडी आली नाही, दादाला फाट्यावर पाठवा,” एवढं सांगायला तिच्या दप्तरात फोन असला, तर तो चैनीचा म्हणता येत नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर तो पुरता बोलायला हवा. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाने २०२३ मध्ये देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत चौदा ते अठरा वयाच्या मुलांची पाहणी केली. जवळपास नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन मुलग्यांमध्ये ४३.७ टक्क्यांकडे होता, मुलींमध्ये १९.८ टक्क्यांकडे. आधीच ही तफावत. त्यात गावाने किंवा शाळेने बंदी म्हटलं, की पहिल्यांदा कुणाच्या हातचा फोन जातो, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. मुलगा चौकातल्या मित्राच्या फोनवर खेळतो. मुलीला चौक नसतो. वर ‘फोनमुळे मुली बिघडतात’ असं बोललं गेलं, की काही घरांत शाळाच बंद होते आणि स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून फोनबंदीचा प्रत्येक ठराव मी आधी मुलींच्या बाजूने वाचून बघतो.

केरळमध्ये असाच एक खटला झाला होता. कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाने संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन काढून घ्यायचा नियम केला. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने तो मानायला नकार दिला, तिला वसतिगृह सोडावं लागलं, आणि ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं सांगून तिला परत घ्यायला लावलं. ती सज्ञान होती, शाळकरी मुलांना तो निकाल जसाच्या तसा लागत नाही, हे मान्य. पण शाळकरी मुलांबद्दलही दिल्ली उच्च न्यायालय २८ फेब्रुवारी २०२५ला बोललं. सरसकट बंदी इष्टही नाही आणि पाळता येण्यासारखीही नाही. शक्य असेल तिथे मुलांनी शाळेत आल्यावर फोन जमा करावा, वर्गात वापरू नये, आणि नियम ठरवताना पालक, शिक्षक, तज्ज्ञ यांच्याशी बोलावं. दिल्लीच्या न्यायालयाने सांगितलेलं हे पाथर्डीच्या हायस्कुलालाही चालण्यासारखं आहे.

आता शाळांना एक प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाववत नाही. मुलांच्या हातात फोन दिला कुणी? मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ‘फोन घ्या’ असं आपणच सांगितलं. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची, ती चांगली होती, पण ती आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. नववी-दहावीचा सारा भार फोनवर आला. शेळ्या विकून, उसने पैसे घेऊन लोकांनी फोन घेतले. अकोले तालुक्यातल्या आदिवासी पट्ट्यात तर फोन घेऊनही रेंज नव्हती. शाळा उघडल्या, पण सवय बंद झाली नाही. आज कित्येक शाळांचा गृहपाठ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतो, आणि येतो कधी? संध्याकाळी साडेसात-आठला, शिक्षक घरी जाऊन जरा निवांत झाल्यावर. सौंदाळ्यासारख्या गावातल्या मुलाने मग काय करायचं? ग्रामसभा सांगते सात ते नऊ फोन नाही, आणि शाळा सांगते गृहपाठ फोनवर बघ. मुलाला यातून एकच धडा मिळतो, की मोठ्यांचं एकमेकांत ठरलेलं नाही.

गृहपाठ फळ्यावर लिहा. मुलांना वहीत उतरवून घेऊ द्या. पाच मिनिटांचं काम आहे. ग्रुप पालकांना सूचना द्यायला ठेवा, सुट्टी कळवायला ठेवा, पण अभ्यासाची वाट फोनमधून नेऊ नका. मला सगळ्या उपायांत हा सर्वांत तातडीचा वाटतो, कारण याला ना पैसे लागतात, ना शासन निर्णय.

शिक्षणासाठी फोन वापरायचाच असेल तर तो शिक्षकाच्या हातात शोभतो. माढ्याजवळच्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला, आणि आज बालभारतीच्या पुस्तकांवर ते कोड आहेत. वर्गात एक फोन किंवा एक पडदा पुरतो. सत्तर फोन लागत नाहीत.

शाळेत आल्यावर फोन जमा करून ठेवायचं म्हणाल, तर ते अवघड नाही. वर्गशिक्षकाच्या ताब्यात कुलपाचं एक कपाट, हजेरी क्रमांक घातलेल्या कापडी पिशव्या, सकाळी बंद करून ठेवायचा, सुटताना सही करून घ्यायचा. शिवणकाम येणारी एखादी पालक बाई दोन दिवसांत पिशव्या शिवून देईल. हरवला तर जबाबदारी कुणाची, हे आधी लेखी ठरवा. नाहीतर शिक्षक हात वर करतील आणि ते त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. कार्यालयातला एक नंबर प्रत्येक मुलाच्या घरी, प्रत्येक कोपीवर पोचलेला असावा, आणि तो उचलणारं माणूस ठरलेलं असावं. ऊसतोडीला गेलेल्या आईचा फोन आला, तर मुलीला तासातून पाच मिनिटं बोलावून घ्यायला हरकत नसावी. जप्त केलेला फोन आठवडाभर ठेवणं मात्र बंद व्हावं. तो घरातला एकुलता एक फोन असेल, तर शिक्षा पोराला होत नाही, आख्ख्या घराला होते.

आणि शिक्षकांचे फोन? तेही तासाला बंद. हे मुलं फार बारकाईने बघतात. मार्च २०२३मध्ये बारावीच्या गणिताच्या पेपरफुटीचा तपास मुंबई पोलिसांना आपल्याच जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयापर्यंत घेऊन आला, आणि प्रश्नपत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवल्याच्या आरोपावरून तिथल्या मोठ्या माणसांना अटक झाली. आपले बहुतेक शिक्षक असे नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तरी त्या बातमीनंतर परीक्षेच्या दारात मुलांचे खिसे तपासताना आपल्याला थोडं थांबून विचार करावा लागतो.

सौंदाळ्याच्या ग्रामसभेत हात वर करायला वयाची अठरा वर्षं लागतात, त्यामुळे ज्यांच्या फोनचा निर्णय झाला त्यांचं मत तिथे मोजलं गेलं नसणार. शाळेला ही अडचण नाही. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पालकसभेला नववी-दहावीची मुलं-मुली समोर बसवा. ऊसतोडीच्या घरातल्या मुलीला आधी बोलू द्या, तिची आई अजून गावात असते तोवरच. किती वाजता फोन द्यायचा, कधी परत घ्यायचा, घरी सात ते नऊ कुणी कुणी बंद ठेवायचा, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि खाली आधी मुख्याध्यापकांची, मग बापाची, मग मुलाची सही घ्या. दिवाळी होऊन टोळ्या निघायच्या आत हे व्हायला हवं.