वैराची मुदत

भोपाळच्या अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केट हे नव्या शहराचे गजबजलेले केंद्र असून तेथील दसरा मैदानावर विजयादशमीला रावणदहन होते. त्याच्या साधारण साडेतीन आठवडे आधी, दशलक्षण पर्वाचे दहा दिवस संपल्यावर, याच शहरातील दिगंबर जैन समाज क्षमावाणी पाळतो. क्षमावाणी म्हणजे वर्षभरात आपल्याकडून जाणता-अजाणता जे दुखावले गेले असतील त्यांची समोरासमोर क्षमा मागण्याचा आणि आपल्याला दुखावणाऱ्यांना ती देण्याचा दिवस. उत्तरेकडील पंचांगात तो आश्विन कृष्ण प्रतिपदेला येतो, तर महाराष्ट्राच्या पंचांगात हीच तिथी भाद्रपद वद्य प्रतिपदा ठरते. त्यामुळे 1956 साली राजधानी भोपाळला आल्यावर नागपूरहून येथे बदलून आलेल्या मराठी कर्मचाऱ्यांच्या घरांत हा दिवस पितृपक्षाच्या आरंभाशी जोडूनच उगवतो. क्षमेला पंचांगात तिथी नेमून देणे ही वरवर औपचारिक वाटणारी गोष्ट आहे, परंतु तिच्यामागे मनुष्यस्वभावाचा खोल विचार आहे.

जैन विचारात क्रोध, मान, माया आणि लोभ या चार विकारांना कषाय म्हणतात आणि प्रत्येक कषायाच्या, तो किती चिवट आहे यावरून, चार पायऱ्या सांगितल्या जातात. संज्वलन क्रोध पाण्यावरच्या रेघेसारखा उमटतो न उमटतो तोच मिटतो, प्रत्याख्यानावरण वाळूवरच्या रेघेसारखा असतो, अप्रत्याख्यानावरण जमिनीला पडलेल्या भेगेसारखा, आणि अनंतानुबंधी क्रोध खडकाच्या चिरेसारखा, म्हणजे आपणहून कधीच न बुजणारा. श्वेतांबर कर्मग्रंथांत पहिल्या तिघांच्या मुदती अनुक्रमे पंधरवडा, चार महिने आणि एक वर्ष अशा दिल्या आहेत आणि पाक्षिक, चातुर्मासिक व सांवत्सरिक प्रतिक्रमणे, म्हणजे आपल्या दोषांची उजळणी करून त्यांतून मागे फिरण्याचे विधी, त्याच मुदतींशी जुळणारे आहेत. दिगंबर ग्रंथांत मोजमाप वेगळे असले तरी तत्त्व तेच आहे. या मुदतीपलीकडे राग टिकला तर तो अनंतानुबंधी होतो आणि असा राग असेपर्यंत सम्यग्दर्शन, म्हणजे वस्तू जशी आहे तशी पाहण्याची दृष्टी, उघडूच शकत नाही, असा सिद्धांत आहे. आत्मजागृतीचा पहिला टप्पाच ज्या दृष्टीवर अवलंबून आहे ती दृष्टी जुन्या वैरामुळे बंद राहते, हे एकदा ध्यानात घेतले की क्षमा हा सज्जनपणाचा अलंकार उरत नाही, तर साधनेची पूर्वअट ठरते.

मराठी घरांतही समेटाचे सण आहेत. संक्रांतीचा तिळगूळ आणि दसऱ्याचे सोने यांमुळे वर्षभराचा अबोला कित्येकदा सुटतो. मात्र तिळगूळ हातावर ठेवताना कोणाचे काय चुकले होते हे कोणी बोलत नाही, आणि म्हणूनच पुढच्या वादात जुनी तक्रार पुन्हा डोके वर काढते. क्षमावाणीची रीत याहून अवघड आहे, कारण तीत मागणारा आधी स्वतःला दोषी मानतो, मग हात जोडतो. चूक कबूल केल्यावाचून झालेली तडजोड आणि चुकीचा उच्चार करून मिळालेली क्षमा या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी मनावर त्यांचा परिणाम सारखा होत नाही.

तथापि समोरचा माणूस क्षमा मागायला आलाच नाही तर काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर वारकरी परंपरेत सापडते. संन्याशाची मुले म्हणून आळंदीत वाळीत पडलेल्या भावंडांपैकी ज्ञानेश्वर लोकनिंदेने व्यथित होऊन ताटी, म्हणजे झोपडीचे दार, लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने ते उघडण्यासाठी त्यांची विनवणी केली, असे परंपरा सांगते. मुक्ताबाईच्या नावावरचे ताटीचे अभंग याच प्रसंगाचे आहेत. निंदा करणाऱ्यांपैकी कोणीही माफी मागायला दाराशी आलेला नव्हता, तरीही ताटी उघडावी असा बहिणीचा आग्रह होता, कारण दाराआड कोंडला गेला होता तो ज्याच्यावर अन्याय झाला तो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनी 1980 च्या दशकापासून क्षमेचा जो अभ्यास केला त्यातही क्रम असाच आहे: आधी स्वतःचा राग आणि इजा नाकारणे थांबवायचे, मग क्षमेचा निर्णय घ्यायचा, त्यानंतर अपराध्याकडे माणूस म्हणून पाहण्याचे कष्ट करायचे आणि शेवटी सोसलेल्या दुःखात अर्थ शोधायचा. क्षमा करणे म्हणजे अपराधाला योग्य ठरवणे नव्हे, समेट नव्हे आणि न्यायावरचा हक्क सोडणेही नव्हे, असे ते स्पष्ट बजावतात.

हा शेवटचा भेद भोपाळमध्ये पाळला नाही तर क्षमेची सारी चर्चाच अनैतिक ठरेल. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या दरम्यानच्या रात्री जुन्या शहराच्या उत्तरेकडील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले, दाट वस्त्यांवर पसरले आणि काही दिवसांतच हजारो माणसे दगावली. पुढे शहराच्या 56 पैकी 36 प्रभागांना वायुबाधित मानण्यात आले. 1989 साली 47 कोटी डॉलरची तडजोड झाली, 7 जून 2010 रोजी हयात असलेल्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा होऊन लगेच जामीनही मिळाला, आणि अमेरिकी कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष वॉरन अँडरसन भारतातल्या खटल्याला सामोरे न जाताच 2014 साली मरण पावले. अशा शहरात बिट्टन मार्केटसारख्या, कारखान्यापासून दूर असलेल्या वसाहतीत राहणाऱ्याने वायुपीडितांना झाले गेले विसरण्याचा उपदेश करणे म्हणजे दुसऱ्याच्या वतीने क्षमा वाटून टाकणे होय, आणि तसा अधिकार कोणालाही नाही.

दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि सलोखा आयोगाने 1996 पासून हाच पेच हाताळला. राजकीय गुन्ह्यांबद्दल ज्यांना शिक्षामाफी हवी होती त्यांना आपण काय केले ते पूर्णपणे उघड करावे लागे. तरीही पोलीस कोठडीत मारले गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या माफीच्या तरतुदीलाच न्यायालयात आव्हान दिले, कारण सत्य कळणे आणि न्याय मिळणे या त्यांच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी होत्या. न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली, पण आक्षेपाचे नैतिक बळ त्यामुळे कमी झाले नाही. शासन शिक्षा माफ करू शकते. पीडिताच्या मनातली क्षमा मात्र ना शासन देऊ शकते, ना मागू शकते.

भोपाळमध्येच या विचाराला आधार देणारे एक उदाहरण आहे. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोन वायुपीडित स्त्रियांना न्यायाच्या लढ्याबद्दल 2004 साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि त्या रकमेतून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभा केला, जेथे वायुपीडित व दूषित पाण्याने बाधित कुटुंबांतील अपंग मुलांवर उपचार होतात. त्यांनी अपराध्यांना क्षमा केली, असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्यावाचून कोणाला नाही, आणि त्यांनी मागणी तर मुळीच सोडलेली नाही. परंतु रागाचे सगळे बळ अपराध्याच्या पाठीमागे न धावता आजाऱ्यांच्या सेवेकडे वळू शकते, आणि तरी न्यायालयाच्या पायरीवर ते तितकेच खंबीर उभे राहू शकते, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले आहे.

यावरून क्षमेच्या नित्य साधनेचे सूत्र हाती येते. भाऊबंदकीतला हिस्सा, शेजाऱ्याशी धरलेला अबोला, कचेरीतला अपमान अशा रोजच्या दुखण्यांसाठी माणसाने पंधरवड्याची, फार तर वर्षाची मुदत स्वतःवर घालून घ्यावी, आपला वाटा आधी कबूल करावा आणि मुदत संपण्यापूर्वी दार उघडावे. दुसरा आला नाही तरी उघडावे. जेथे अपराध मोठा आणि अपराधी निगरगट्ट आहे तेथे सत्य, भरपाई आणि शिक्षा यांची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवावी, पण ज्याने एकदा लुटले त्याला आपले उरलेले आयुष्यही लुटू देऊ नये. वैराला मुदत घालता येते आणि घातलीच पाहिजे, न्यायाच्या मागणीला मात्र कोणतीही मुदत नाही. ज्याला हा फरक कळला त्याच्या क्षमेत दुबळेपणा उरत नाही आणि त्याच्या लढ्यात द्वेष उरत नाही.