तिघांची तबकडी

पंक संगीत म्हटलं की ताठ उभे रंगवलेले केस, फाटकी जीन्स, दारू आणि धिंगाणा असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेत वॉशिंग्टनला राहणारा इअन मॅके त्या चित्रात मुळीच बसत नाही. दारू-सिगारेटला न शिवणारा हा पंक गिटारवादक! 1981 मध्ये ‘मायनर थ्रेट’ या बँडसाठी त्याने ‘स्ट्रेट एज’ हे गाणं लिहिलं. जेमतेम पाऊण मिनिटाचं. पण निर्व्यसनी पंक पोरांच्या अख्ख्या पंथालाच ते नाव पडलं. (पंथ काढायचा आपला बेत नव्हता, असं तो सांगत आला आहे.)

त्याचा दुसरा हट्ट पैशांचा. 1980 मध्ये शाळा नुकतीच संपली होती, तेव्हा त्याने जेफ नेल्सन या मित्रासोबत ‘डिसकॉर्ड’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. भांडवल काय, तर आधीच्या बँडच्या कार्यक्रमांतून साठवलेले काहीशे डॉलर! पहिल्या तबकडीची कव्हरं पोरांनी स्वतः कापली, दुमडली, डिंकाने चिकटवली. पुढे त्याचा ‘फुगाझी’ हा बँड जगभर गाजला, तरी तिकीट 5 डॉलरच्या आसपासच राहिलं. मोठ्या कंपन्यांची बोलावणी आली. मंडळी गेली नाहीत.

म्हणूनच ‘कोरिकी’ घडू शकला. गिटारवर मॅके, ड्रम्सवर पत्नी एमी फरिना, बास गिटारवर फुगाझीतला जुना सोबती जो लॅली, गातात तिघंही. बँड जमला 2015 मध्ये आणि पहिला कार्यक्रम झाला 2018 मध्ये. एवढी सवड दुसऱ्या कोणत्या कंपनीने दिली असती? कोरोनामुळे लांबलेली त्यांची तबकडी अखेर जून 2020 मध्ये आली, अर्थात डिसकॉर्डवरच. मॅके तेव्हा 58 वर्षांचा होता.

तबकडीत 11 गाणी आहेत. गिटार पूर्वीसारखी अंगावर येत नाही. मध्येच थांबते, बासला वाट करून देते. धार मात्र बोथट झालेली नाही. नोकरी म्हणून ड्रोनने माणसं मारायची आणि घरी यायचं, या कामाची टोचणी ‘क्लीन किल’मध्ये आहे, ती ऐकणाऱ्यालाही स्वस्थ बसू देत नाही. आणखी एका गाण्याचं नाव चक्क ‘हॅव अ कप ऑफ टी’. पंकवाल्यांकडे चहा!

गोंगाट सोसत नसेल त्यांनी आधी याच नवरा-बायकोच्या ‘द ईव्हन्स’ या बँडची 2005 ची पहिली तबकडी ऐकावी. तिथे माणसं दोनच आहेत आणि आवाजही बेताचा.