लडाखला निघण्याआधी ती जादा टाकी उतरवा!

लडाख, झंस्कार, स्पितीकडे स्वतःची गाडी घेऊन निघालेल्या सर्वांना, त्यांच्या गाड्या तयार करून देणाऱ्या गॅरेजवाल्यांना, आणि त्यांची वाट पाहत घरी थांबणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती.

मनाली-लेह रस्त्यावरचा बर्फ हटवला की साधारण मे-जूनमध्ये तो वाहतुकीला खुला होतो. त्याआधीचे हे दिवस म्हणजे गॅरेजमधली धांदल. थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ रांगेने उभ्या असतात. टायर बदलले जातात, टपावर कॅरियर चढतो, पुढे विंच लागते. आणि सगळे झाल्यावर मालक सहज सांगून जातो, ‘‘तेवढी एक जादा टाकी बसवून टाका. तिकडे पंप नाहीत.’’ वेल्डर मिळेल तो पत्रा घेऊन पेटी जोडतो आणि ती डिकीत किंवा मागच्या सीटखाली बसते. ज्यांना एवढाही खर्च नको असतो, ते प्लास्टिकचे पाच-सहा कॅन भरून सामानात खुपसतात.

हे आत्ता थांबवायला हवे, कारण गाडी अजून गॅरेजमध्ये आहे. घाट चढायला लागल्यावर कोणी ऐकणार नाही, आणि ऐकले तरी तिथे काही करता येणार नाही.

मागणी साधी आहे. घरगुती टाकी बसवू नका. बसवली असेल तर निघण्याआधी उतरवा. प्लास्टिकच्या कॅनमधून, पाण्याच्या बाटल्यांमधून इंधन नेऊ नका. आणि गाडीच्या केबिनमध्ये, माणसे बसतात तिथे, कोणत्याही भांड्यात इंधन ठेवू नका.

आधी हिशोब मांडा

जादा टाकीची भीती बहुतेकदा एका पाटीने घातलेली असते. केलाँगच्या अलीकडे तांडीला पेट्रोल पंप आहे आणि पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी तिथे लागलेली होती. तिचा फोटो कित्येक वर्षे फिरतो आहे. पण हा आकडा पाहून घाबरण्याआधी स्वतःच्या गाडीचा हिशोब करा. थारची टाकी ५७ लिटरची. चढ, खालचा गिअर, विरळ हवा, सामानाचे ओझे हे सगळे धरून गाडी लिटरला फक्त ८ किलोमीटर धावली, तरी ४५६ किलोमीटर होतात. जिम्नीची टाकी ४० लिटरची. लिटरला १० धरले तर ४००. म्हणजे तांडीला टाकी पूर्ण भरून निघालेली धडधाकट गाडी मूळ टाकीवर लेहला पोहोचते. शिवाय लेहच्या अलीकडे कारूला पंप आहे. नुब्रामध्ये दिस्कितला आहे. स्पितीत काझाला आहे.

इंधन खरेच कमी पडू शकते ते लेहहून हानले, उमलिंग ला असा मोठा फेरा मारून परतताना. तिथे निघण्याआधी लेहमध्ये वाटेतल्या पंपांची चौकशी करावी, आणि लागलेच तर वीस लिटरचा एक धातूचा जेरीकॅन न्यावा. साठ-सत्तर लिटरची पेटी कशाला? ज्या इंधनाची गरजच नाही, ते अंगाखाली घेऊन आपण शेकडो वळणे पार करणार असतो.

जादा टाकीची खरी गरज असलेले मुलूख जगात आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट सुमारे १,८५० किलोमीटरचा आहे आणि वाटेत इंधन मिळण्याच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. तिथे लोक मोठ्या टाक्या बसवतात, पण त्या विशिष्ट मॉडेलसाठी आखून, तपासून बनवलेल्या असतात. आपण त्यांची गरज उसनी घेतली आणि काळजी मात्र तिकडेच ठेवली.

एक पेला पेट्रोल पुरते

पेट्रोल पेटते म्हणजे त्याची वाफ पेटते. ही वाफ उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेण्याइतकी तयार होते, त्यामुळे ‘‘तिकडे थंडी आहे, काही होत नाही’’ या समजुतीला काहीच आधार नाही. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. उडून जात नाही, सीटखाली, पायांपाशी, डिकीच्या तळाला साचून राहते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झाले की ठिणगी पुरते. बंद गाडीच्या केबिनला त्या पातळीवर न्यायला अंदाजे एक पेलाभर सांडलेले पेट्रोल पुरेसे आहे. ठिणगी कशाचीही असू शकते. मोबाइलच्या चार्जरची, दाराच्या दिव्याची, लोकरीचा स्वेटर काढताना अंगावर उडते त्या स्थिर विजेचीही.

त्यात उंचीची भर पडते. मनाली साधारण २,००० मीटरवर आहे. वाटेतल्या खिंडींपैकी बारालाचा ला ४,९०० मीटरच्या आसपास, तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब मुंबईच्या जवळपास निम्मा असतो. खाली घट्ट झाकण लावलेला प्लास्टिकचा कॅन वर जाताना फुगू लागतो. त्याच्या बाजू ढोलासारख्या ताणल्या जातात, तळाचा सपाट भाग बाहेर येतो, कॅन सरळ उभा राहत नाही. आट्यांतून ओल झिरपते आणि गाडीत वास येऊ लागतो. मग कोणीतरी ‘‘जरा हवा काढतो’’ म्हणून झाकण फिरवतो आणि दाबाखालचे इंधन हातावर, कपड्यांवर, सीटवर उसळते. उन्हाचाही हिशोब आहे. दर दहा अंशांना पेट्रोल सुमारे एक टक्का फुगते. म्हणून काठोकाठ भरलेले कोणतेही भांडे धोक्याचेच.

‘‘आमचे तर डिझेल आहे’’ म्हणणाऱ्यांनी गाडीखाली वाकून बघावे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी धरणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. ती स्वतःला साफ करते तेव्हा आतले तापमान ६०० अंशांच्या घरात जाते. डिझेल अडीचशे अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेट घेऊ शकते. जादा टाकीचा पाइप त्या वाटेवर ठिबकत असेल, तर आग लागायला दुसरे काही लागत नाही.

टाकी म्हणजे नुसती पेटी नव्हे

अशी एक घरगुती टाकी मी हात लावून पाहिली आहे. पेटीचे कोपरे वेल्डिंगने जोडलेले, पण सांध्यावर जागोजागी छिद्रे आणि त्यांवर एम-सीलचे ठिगळ. हवेची नळी वर न नेता खाली सोडलेली, आणि तिचे टोक सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर. मुख्य टाकीकडे जाणारा पाइप बागेत पाणी घालायचा, पारदर्शक, क्लॅम्पच्या जागी तारेने पिळलेला. वाटेत इंधन थांबवायला कॉक नाही. पेटी दोन पट्ट्यांवर, नटबोल्टने नुसत्या पत्र्याच्या फ्लोअरला कसलेली. गाडी धुऊनपुसून चकचकीत होती आणि मालक निर्धास्त होता.

कारखान्यातून आलेल्या टाकीत काय असते ते बघा. आत भोके पाडलेले आडवे पत्रे असतात, म्हणजे अर्धी भरलेली टाकी वळणावर एका बाजूला हिसका देत नाही. मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सच्या २१ वळणांवर चाळीस लिटर इंधन मोकळ्या पेटीत हिंदकळू लागले, तर चालकाला स्टिअरिंगवर ते जाणवते. गाडी उलटली तर हवेच्या नळीतून इंधन बाहेर येऊ नये म्हणून झडप असते. टाकी चासीच्या दोन दांड्यांमध्ये, धडक लागली तरी सहज चेपणार नाही अशा जागी असते, आणि गरम भागांपासून तिला उष्णतारोधक पत्र्याचा आडोसा असतो. पाइप इंधनासाठीच बनवलेले असतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते साधे रबर खाते. जीआय पत्रा तर नकोच, त्याच्या जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होते आणि तयार होणारा साका फिल्टर व इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो.

वजनही विसरू नका. ६० लिटर डिझेल म्हणजे सुमारे ५० किलो, पेटीचे वेगळे. हे ओझे टपावर चढवले तर गाडी कलंडायला सोपी होते. मागच्या बंपरला टांगले तर पुढची चाके हलकी पडतात आणि मागून धडक बसली की पहिला मार इंधनालाच.

गॅरेजवाल्या भावांनो, तुमच्यासाठी

तुमच्या हातात कला आहे आणि गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणे जड जाते, हे मला माहीत आहे. पण ज्या टाकीत किंवा ड्रममध्ये कधीही इंधन होते, त्याला वेल्डिंग लावू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. पाण्याने विसळली, दोन दिवस उन्हात ठेवली, वास गेला, एवढ्यावर भरवसा ठेवू नका. सांध्यात अडकलेले डिझेल उष्णतेने पुन्हा वाफ होते आणि टाकी हातातच फुटते. पुढे काम करणारा तुम्ही असता, नाहीतर तुमच्याकडे शिकायला आलेला पोरगा. अशी टाकी शास्त्रशुद्ध निर्धोक करणाऱ्याकडेच पाठवा, नाहीतर काम परत करा.

आणि गिऱ्हाइकाला कायदाही सांगा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे अधोरेखित केले. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. वर अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते.

मग इंधन न्यायचे कसे?

ज्यांना खरोखर जादा इंधन लागणार आहे, त्यांनी एवढे करावे.

१. वीस लिटरचा, पत्र्याचा, रबरी वायसर आणि खटक्याचे झाकण असलेला चांगला जेरीकॅन विकत घ्यावा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातही परवान्याशिवाय पेट्रोल जवळ ठेवण्याची जी सवलत आहे, तीत धातूचे भांडे घट्ट झाकणाचे आणि २५ लिटरपेक्षा मोठे नसावे अशी अट आहे.

२. भरताना कॅन गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा. नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून सावकाश भरावे, म्हणजे स्थिर वीज जमिनीत उतरते. २० लिटरच्या कॅनमध्ये १९ लिटरच घ्यावे, फुगायला जागा ठेवावी.

३. कॅन केबिनबाहेर, चासीला पक्क्या बसवलेल्या लोखंडी चौकटीत, पट्ट्याने आवळून न्यावा. सायलेन्सरपासून आणि थेट उन्हापासून दूर.

४. मुख्य टाकीत जागा झाली की लगेच, इंजिन बंद करून, नरसाळ्याने कॅन रिकामा करावा. पुढच्या घाटापर्यंत वागवू नये. रिकाम्या कॅनचे झाकणही बंदच असू द्यावे.

५. नळी तोंडाने ओढून इंधन काढू नये. एक घोट फुप्फुसात गेला तरी जिवावर बेतते, आणि सर्वांत जवळचा दवाखाना तिथे तासन्‌तास दूर असतो. चुकून कोणी गिळलेच तर उलटी करवू नये, थेट डॉक्टरकडे न्यावे.

६. कोरड्या पावडरचा अग्निशामक चालकाच्या हाताशी ठेवावा. आग टाकीपर्यंत पोहोचली असेल तर सामानाचा मोह सोडून सगळ्यांनी लांब पळावे.

हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. पुण्या-मुंबईत भरलेले डिझेल लडाखच्या थंडीत मेणासारखे गोठू लागते. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. इथून साठा वाहून नेण्यापेक्षा तिथले इंधन तिथेच भरणे शहाणपणाचे.

आज, आत्ता

गाडी गॅरेजमध्ये असेल तर आज फोन करून ते काम थांबवा. टाकी बसली असेल तर ती जाणकार मेकॅनिककडून रिकामी करून उतरवून घ्या, पाइपांची तोंडे बंद करून घ्या. गटाचे नेतृत्व करणाऱ्यांनो, निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाडीची डिकी उघडून बघा आणि प्लास्टिकचा एकही कॅन दिसला तर त्या गाडीला ताफ्यात घेऊ नका. वाईटपणा येईल, तो घ्या. पंपावर काम करणाऱ्यांनो, बाटली किंवा प्लास्टिकचा कॅन पुढे केला तर ‘नाही’ म्हणा, गिऱ्हाईक कितीही चिडले तरी. आणि घरच्यांनो, निरोप देताना एकच प्रश्न विचारा, ‘‘गाडीत पेट्रोल कुठे ठेवलंय?’’ उत्तर ‘‘मूळ टाकीत’’ किंवा ‘‘बाहेरच्या लोखंडी कॅनमध्ये’’ एवढेच असायला हवे. दुसरे काहीही उत्तर आले, तर गाडीची चावी हातात घ्या आणि ते इंधन उतरवल्याशिवाय परत देऊ नका.