सिएटलहून सगळं आलं, गाणं तेवढं वाटेत राहिलं

मंडळी, जरा हैदराबादचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मायक्रोसॉफ्टने आपलं भारतातलं विकसन केंद्र तिथे १९९८ साली थाटलं. अ‍ॅमेझॉनने २०१९ च्या ऑगस्टमध्ये स्वतःच्या मालकीचा जगातला सर्वांत मोठा परिसर उघडला, तोही तिथेच. टाटांच्या भागीदारीत बोईंगच्या अपाची हेलिकॉप्टरांचे सांगाडे तिथेच तयार होतात. स्टारबक्सची कॉफी तर काय, गल्लोगल्ली. ही चारही नावं अमेरिकेच्या एकाच कोपऱ्यातली, सिएटल आणि त्याच्या आसपासची. आणि आमच्या फोंड्या-डिचोलीची पोरं इंजिनियर होऊन ह्याच कंपन्यांच्या दारात रांग लावतात. घरचे कौतुकाने सांगतात, "आमचा हैदराबादला असतो." छान आहे.

पण सिएटलहून पाचवीही एक गोष्ट निघाली होती. तिला ग्रंज म्हणतात. ती मात्र आम्हांला नको. का? तर तो धिंगाणा. आपल्या मातीतलं नव्हे.

हा "मातीतलं नव्हे" शब्दप्रयोग मी आमच्या व्यासपीठांवरून इतक्यांदा ऐकला आहे की आता तो ऐकला की माती कुठल्या खणीवरून आणली असं विचारावंसं वाटतं. आणि दुसऱ्या बाजूला आमची गिटारवाली पोरं. त्यांचं रडगाणं वेगळं. स्टुडिओ नाही, कंपनी नाही, पैसा नाही, गोव्यात कोण ऐकतं, मुंबईला असतो तर... माझं भांडण दोघांशीही आहे. म्हणून आज एका अडीच मिनिटांच्या गाण्याची गोष्ट सांगतो.

गाण्याचं नाव 'टच मी आय'म सिक'. मडहनी नावाचा चौघांचा बँड. मार्क आर्म, स्टीव्ह टर्नर, मॅट ल्युकिन, डॅन पीटर्स. वर्ष १९८८. निर्वाणाचं नाव तेव्हा त्यांच्या मित्रमंडळींपलीकडे कोणाला ठाऊक नव्हतं. हा बँडही त्याच वर्षाच्या सुरुवातीला जमलेला, आणि तोसुद्धा एका मोडलेल्या बँडच्या अर्ध्या भागातून. (उरलेल्या अर्ध्यातले दोघे पुढे पर्ल जॅममध्ये गेले. मोडलेल्या नाटक कंपन्यांतून नव्या कंपन्या कशा निघायच्या ते आपल्याला कोणी शिकवायला नको.)

गाणं मुद्रित झालं बॅलार्ड भागातल्या रेसिप्रोकल रेकॉर्डिंग नावाच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे एका तिकोनी इमारतीतल्या चिंचोळ्या खोल्या आणि आठ ट्रॅकचं यंत्र. यंत्रामागे बसलेला जॅक एन्डिनो हा पूर्वी नौदलाच्या गोदीत विद्युत अभियंता होता. नोकरी सोडून इथे आला. नोंद घ्या, इंजिनियर! ह्याच खोलीत ह्याच माणसाने निर्वाणाचा पहिला अल्बम 'ब्लीच' मुद्रित केला. त्याचा खर्च ६०६ डॉलर आणि १७ सेंट. तेवढेही बँडकडे नव्हते. जेसन एव्हरमन नावाच्या मित्राने भरले. त्याने त्या अल्बमवर एक सूरही वाजवलेला नाही, पण कृतज्ञता म्हणून मुखपृष्ठावर त्याचा फोटो आणि नाव आहे. आमच्याकडे देणगीदाराचं नाव कोनशिलेवर येतं. इथे तो निदान गिटारसह दिसतो.

गाण्यात आहे काय? फारसं काही नाही. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारी, पायाने दाबायची एक डबी असते. तशा दोन डब्यांच्या नावांवरूनच मडहनीच्या पुढच्या ईपीचं नाव 'सुपरफझ बिगमफ' पडलं. त्या डब्यांतून निघालेला खरखरीत आवाज, घाईत असल्यासारखे ड्रम्स, आणि गाणारा गातो की ओकतो असा प्रश्न पडावा असा गळा. विषय आजार, किळस आणि स्वतःचीच टिंगल. लक्षात घ्या, एड्सच्या भीतीची ती वर्षं होती. गाण्यात कोणी शहाणपणा शिकवत नाही. आणि ऐकणाऱ्याला एकदम कळतं की हा माणूस आपल्याला फसवत नाहीये. कधीकधी ते पुरतं.

रेकॉर्ड काढली सब पॉपने. ही कंपनी म्हणजे मुळात एक हौशी पत्रक. ब्रूस पॅव्हिटने १९८० साली कॉलेजात असताना सुरू केलेलं, आपापल्या गावात वाजवणाऱ्या अनोळखी बँडांची माहिती देणारं. पुढे पत्रकाबरोबर कॅसेटी आल्या, मग रेकॉर्डी, मग जोनाथन पोनमन हा भागीदार. मराठी वाचकाला ह्यात काही ओळखीचं दिसतं का? 'शब्द', 'असो', 'वाचा' ही आपली लघुअनियतकालिकं आठवा. तोच जीव, तीच भणंग जिद्द. फरक एवढाच की आमचे लोक कवितेपाशी थांबले, ते गाण्यापर्यंत गेले.

थांबले म्हणालो, पण एक जण थांबला नव्हता. अरुण कोलटकर. सत्तरच्या दशकात ह्या माणसाने इंग्रजी गाणी लिहिली, अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकला, आणि मुंबईत मित्रांबरोबर गाण्यांची नमुना टेपही मुद्रित केली. रेकॉर्ड म्हणून ती कधी निघाली नाही. त्याच्या 'जेजुरी'वर आमच्या विद्यापीठांत परिसंवाद होतात, त्यात ह्या गाण्यांचं नाव निघालेलं मी ऐकलेलं नाही. मराठीतल्या सर्वांत आधुनिक कवीला रॉक गायक व्हावंसं वाटलं होतं, हे आमच्या समीक्षकांना एखाद्या घरंदाज पुरुषाच्या तरुणपणीच्या भानगडीसारखं वाटतं. झाकलेलं बरं!

असो. मडहनीची रेकॉर्ड १९८८ च्या ऑगस्टमध्ये आली. पहिल्या खेपेला प्रती जेमतेम हजार. आणि गंमत म्हणजे पहिली बाजू म्हणून दुसरंच गाणं ठरलं होतं, 'टच मी' उलट्या बाजूला होतं. कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांनी रेकॉर्ड उलटी केली. ह्या कॉलेज रेडिओचं महत्त्व फार. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केसीएमयू केंद्रावर पॅव्हिट, पोनमन हे स्वतः निवेदक होते. गाणारे, छापणारे, वाजवणारे आणि ऐकणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. न्यूयॉर्कचा सॉनिक यूथ हा तेव्हाच बराच नावाजलेला बँड. त्यांनी त्याच वर्षाअखेर हे गाणं स्वतः वाजवून रेकॉर्डवर काढलं.

पॅव्हिट आणि पोनमन यांची गाठ घालून दिली कोणी, माहीत आहे? किम थायिलने. साउंडगार्डनचा गिटारवादक. आईवडील केरळचे, जन्म सिएटलचा, विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेला. ग्रंजचा तो जाडजूड, लोखंड ओढत नेल्यासारखा गिटारचा नाद ज्यांनी घडवला त्यांत हा मल्याळी मुलगा अगदी पहिल्या फळीत. आता बोला मातीचं.

मातीवाल्यांना आणखी एक आठवण करून देतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. कारण काय? परकी, युरोपीय, आपल्या श्रुतींचा सत्यानाश करणारी. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आणि आज? पेटीशिवाय नाट्यगीत ऐकून दाखवा! आमच्या देवळातल्या भजनाला, जत्रेतल्या नाटकाला पेटी नसेल तर गाव वर्गणी परत मागेल. आज जो गृहस्थ गिटारला परकी म्हणतो तो त्या बंदीवाल्यांचा नातू आहे, इतकंच. आणि "ह्याला काय गाणं म्हणतात" ह्याचंही नवल नको. 'गोलपिठा' १९७२ ला आला तेव्हा "ह्याला काय कविता म्हणतात" हेच चाललं होतं.

बरं, आता गिटारवाल्यांकडे वळतो. सिएटल म्हणजे काही नंदनवन नव्हतं. शहराने १९८५ साली असा कायदा केला की अल्पवयीन मुलांना येता येईल असे नाचगाण्याचे कार्यक्रम करणं जवळजवळ अशक्य झालं. तो रद्द झाला थेट २००२ ला. आपल्याकडच्या रात्री दहाच्या नियमावर रडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पैसा म्हणाल तर सब पॉप १९९१ ला बुडायला आलं होतं. आमच्याकडे पैसे नाहीत ह्यातला कुठला शब्द तुम्हांला कळत नाही, अशा अर्थाचा मजकूर छापलेले टी-शर्ट त्यांनी काढले होते.

आणि दूर कशाला? रेमो फर्नांडिसने 'गोअन क्रेझी' शिवोलीच्या आपल्या घरात बनवली ती १९८४ साली. मडहनीच्या चार वर्षं आधी. गाणी त्याची, वाद्यं त्याची, मुद्रण त्याचं, आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानादुकानांत पोचवणाराही तोच. गोव्यात हे झालेलं आहे, हो! फक्त मराठीत झालं नाही. कारण आम्ही मनात एक भिंत बांधून ठेवली आहे. नाट्यगीत, भजन, अभंग आमचं. गिटार, ट्रम्पेट, तियात्र, मांडो त्यांचं. क्रिस पेरीची धून आणि लोर्नाचा गळा गोव्याच्या प्रत्येक लग्नात वाजतो, त्यावर आमचे सोवळे काकाही पाय हलवतात, पण मराठी संस्कृतीचा विषय निघाला की तो "त्यांचा" होतो. ही वाटणी कोणत्या भाटकाराने करून दिली कोण जाणे.

आता स्वागताची गोष्ट, म्हणजे मला खरी चीड येते ती. सब पॉपवाल्यांना एक कळलं होतं, की अमेरिका आपल्या लेकरांना लंडनने ओळखल्याशिवाय ओळखत नाही. म्हणून त्यांनी १९८९ साली 'मेलडी मेकर'च्या एव्हरेट ट्रू ह्या पत्रकाराला विमानाचं तिकीट काढून सिएटलला आणलं. त्याने लिहिलं आणि गाजावाजा सुरू झाला. पुढे सप्टेंबर १९९१ ला निर्वाणाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' आलं, मोठ्या कंपनीकडून, आणि जानेवारी १९९२ ला त्यांच्या अल्बमने मायकल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली ढकललं. मग झुंडी आल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका फॅशन प्रदर्शनात सिएटलच्या फाटक्या चौकटीच्या शर्टाची रेशमी आवृत्ती आली!

आणि नोव्हेंबर १९९२ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सिएटलच्या पोरांच्या बोलीचा कोश छापला. माहिती दिली मेगन जॅस्पर नावाच्या मुलीने, जी पूर्वी सब पॉपमध्ये स्वागतकक्षात बसायची. फाटक्या जीन्सला 'व्हॅक स्लॅक्स' म्हणतात वगैरे. सगळं बनवलेलं! फोनवर सुचेल ते सांगत गेली, आणि जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित वर्तमानपत्राने ते जसंच्या तसं छापलं. पुढे ही बाई त्याच सब पॉपची प्रमुख झाली.

माझं तिच्यावर फार प्रेम आहे. कारण दर डिसेंबरात दिल्ली-मुंबईचे पत्रकार गोव्यात येतात आणि आम्हांला "सुशेगाद" म्हणजे काय ते विचारतात. आणि आम्ही? आम्ही फसवत नाही. आम्ही गंभीरपणे समजावून सांगतो! वर तो लेख छापून आला की कात्रण जपून ठेवतो. बाहेरच्याने आमच्याबद्दल लिहावं ह्याची आम्हांला इतकी भूक. केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो' १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलं, हे आमच्या प्रत्येक भाषणात असतं. साडेतीन मिनिटांची ती भैरवी ह्या भाषणं करणाऱ्यांपैकी किती जणांनी सलग ऐकली आहे, हे मात्र विचारू नका. नासाने घेतली, झालं. कान नासाचे, अभिमान आमचा.

सिएटललाही लंडनचा शिक्का लागला, हे खरं. पण तो शिक्का बसण्याच्या कितीतरी आधी पत्रक निघालं होतं आणि कळकट बारमध्ये मोजकी माणसं आपल्याच गावच्या पोरांचं बेसूर ऐकत होती. त्यांना पारितोषिक नव्हतं. आमच्याकडे सूर पकडायला शिकलेला मुलगा पहिल्या दिवसापासून स्पर्धेसाठी शिकतो. कोणाचं तरी गायलेलं, कोणाच्या तरी लकबीसकट, सात मिनिटांत. परीक्षक मुंबई-पुण्याचे. स्वतःचं काही गायचं तर त्याला प्रवेशिकेत रकानाच नसतो. हाच मुलगा मग हैदराबादला जातो, शनिवारी रात्री सहकाऱ्यांसमोर 'टीन स्पिरिट' वाजवतो, अगदी हुबेहूब. हुबेहूबची सवय त्याला आम्हीच लावलेली. हैदराबादचा दोष नाही. गॉडलेससारखा डेथ मेटल वाजवणारा बँड त्याच शहरातून निघाला, २०१६ ला त्यांची पहिली ईपी आली. कोणाच्या परवानगीची त्यांनी वाट पाहिली नाही.

आज तर आठ ट्रॅकचं यंत्रही लागत नाही. ज्या लॅपटॉपवर तो मायक्रोसॉफ्टचं काम करतो त्यावर एन्डिनोच्या खोलीपेक्षा जास्त सोय आहे. आणि मार्क आर्मचं पुढे काय झालं म्हणाल, तर बँड चालू ठेवून त्याने बरीच वर्षं त्याच सब पॉपच्या गोदामात व्यवस्थापकाची नोकरी केली. खोकी भरायची, पाठवायची, संध्याकाळी गाणं. नोकरी आहे म्हणून गाता येत नाही असं सांगणाऱ्या आमच्या आयटीवाल्यांनी हे एकदा घरी मोठ्याने वाचावं.

आमच्या संस्थांना माझी सूचना आहे. वर्षातली एक संध्याकाळ द्या. फक्त स्वतः रचलेली मराठी गाणी, वाद्य कुठलंही चालेल. परीक्षक नकोत, प्रमुख पाहुणे नकोत, शाल-श्रीफळ नको. गाणी वाईट असतील, बहुतेक सगळीच. तरी येऊन बसा. मी येतो, आणि घरून उठताना कानात घालायचा कापूस आणणार नाही.