क्रुसाच्या अलीकडची पंचवीस वर्षं

२०२५ च्या सप्टेंबरात रोममध्ये कार्लो अकुटिसला संतपद मिळालं आणि आमच्या मुखेडच्या पोरांना ते मोबाइलवर कळलं. मिलानमध्ये वाढलेला, संगणकावर हात बसलेला, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेलेला मुलगा. जीन्स आणि बूट घातलेला संत! पोरांना त्या बुटांचं नवल वाटलं, वयाचं नाही वाटलं. कसं वाटेल? एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या ज्ञानोबांना आपण माउली म्हणतो. आणि नांदेड जिल्ह्यात राहून गुरू गोविंदसिंगांचे साहिबजादे ठाऊक नाहीत असा माणूस विरळा. सरहिंदला भिंतीत चिणलेल्या त्या दोघांतला थोरला नऊ वर्षांचा, धाकटा त्याहून लहान. कोवळ्या वयातली श्रद्धा काय करू शकते, हे या मातीला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

मला बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल. कार्लोला ओळखणाऱ्या या पोरांना वसईचा गोन्सालो गार्सिया माहीत नाही. पोरांना कशाला दोष द्यायचा, त्यांच्या मास्तरांनाही नाही. मी स्वतः इतिहास शिकवण्यात जन्म घातला, पण आमच्या क्रमिक पुस्तकांत तो मला कधी भेटला नाही. भारतात जन्मलेल्यांतला कॅथलिक चर्चचा हा पहिला संत, आणि तो महाराष्ट्रातला आहे.

जन्म १५५७ च्या सुमाराचा. वसई तेव्हा पोर्तुगिजांची. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली शिकला आणि १५७२ मध्ये, पंधराव्या वर्षी, फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्याबरोबर जपानच्या वाटेला लागला. पंधराव्या वर्षी जपान! आमच्याकडं या वयाचं लेकरू जांबच्या रस्त्यानं लातूरला निघालं तरी आई डब्यात चार दिवसांचे धपाटे बांधते.

तिथून पुढं सगळे थेट १५९७ वर उडी मारतात. नागासाकी, टेकडी, क्रूस, भाले. संपली गोष्ट. माझी तक्रार नेमकी इथंच आहे. मरणाची एक सकाळ सांगायची आणि त्याआधीची पंचवीस वर्षं गाळायची, हा हुतात्म्यांवर आपण नेहमीच करत आलेला अन्याय आहे.

त्या पंचवीस वर्षांत काय झालं? पोरगा जपानी शिकला, इतकी चांगली की लोकांशी धर्माबद्दल बोलायचं काम त्याच्याकडं आलं. जेझुइट संघात आपल्याला घेतील ही त्याची आस होती. नाही घेतलं. हिंदुस्थानात जन्मलेल्यांना, मिश्र रक्ताच्यांना आत घेताना तो संघ त्या काळी फार हात आखडता ठेवी. म्हणजे काम चालत होतं, माणूस चालत नव्हता. आळंदीच्या चार भावंडांना पैठणच्या ब्रह्मवृंदानं शुद्धिपत्रासाठी ताटकळत ठेवलं, ती गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. धर्म कुठलाही असो, दाराशी बसलेले राखणदार सारखेच.

गोन्सालोनं जपान सोडलं आणि व्यापार धरला. धंद्यात जम बसला, पैसा आला. इथं गोष्ट संपली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण हा गडी बसलेला धंदा सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन मठात गेला आणि साधा बंधू झाला. पाद्री नव्हे, पाद्री तो कधीच झाला नाही.

लातूरला नीट परीक्षेच्या रिपीटर पोरांच्या खोल्या मी पाहिल्या आहेत. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसणारी, घरी फोन करताना आवाज चढवून आनंदी बोलणारी. त्यांना भाल्याची गोष्ट सांगून काय उपयोग? ज्याला हव्या त्या दारातून आत घेतलं नाही आणि तरी ज्याचं वेड सुटलं नाही, असा संत त्यांच्या जवळचा. जिथं नाकारलं गेलं त्याच जपानला तो १५९३ मध्ये परतला, फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषा म्हणून. क्योटोत या फ्रान्सिस्कनांनी चर्च बांधलं, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला. गोन्सालोच्या भक्तीला मी या दिवसांत शोधतो. पुढ्यात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी बसलेला, बोलणार दुसरा, आणि आपण फक्त ते नीट पोचवायचं. यात मोठेपणा मिरवायला जागाच नाही.

१५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटून लागलं. पाद्र्यांच्या मागून स्पेनचं सैन्य येतं, हा संशय बळावला आणि धरपकड झाली. क्योटोत कैद्यांचे डावे कान कापले, धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. गोन्सालो चाळिशीचा होता. पण रांगेत लुई इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा आणि तोमास कोझाकी त्यांच्याहून किंचित मोठा. लुईला सोडायची तयारी अधिकाऱ्यानं दाखवली होती. त्यानं नको म्हटलं. हे वाचताना माझ्यातला बाप मास्तराच्या आधी जागा होतो. लेकराच्या या नकाराचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्याला कळत नव्हतं असंही म्हणवत नाही.

पोपनी १८६२ मध्ये या सव्वीस जणांना संत जाहीर केलं. १९६२ मध्ये निशिझाकाला त्यांचं स्मारक उभं राहिलं.

कुणी म्हणेल, पोर्तुगिजांनी वसईत देवळं पाडली, गोव्यात इन्क्विझिशन चालवलं, त्यांच्या शिपायाच्या पोराचं कौतुक कशाला? ते अत्याचार खरेच आहेत, शिकवलेच पाहिजेत. हिदेयोशीला परक्या सत्तेची भीती वाटली तीही निराधार नव्हती. पण साम्राज्याचा हिशेब त्यानंच कमी लेखलेल्या एका बंधूकडून वसूल करणं मला पटत नाही. शिवाय वसईचे ख्रिस्ती आपल्याला परके कधीपासून? तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

वसईत गोन्सालोच्या नावाचं कॉलेज आहे, गासला चर्च आहे. शाळांच्या सहली वसईच्या किल्ल्यात जातात, मास्तर १७३९ ची चिमाजी अप्पांची लढाई रंगवून सांगतात. सांगावीच. फक्त बसमध्ये चढायच्या आधी आणखी दहा मिनिटं पोरांना थांबवून, इथून जपानला निघालेल्या त्यांच्याच वयाच्या मुलाबद्दलही बोलावं. आणि बोलताना सुरुवात क्रुसापासून करू नये.